दोन वस्त्यांची चावी

४ मार्च, मंगळवार

बायकोकडून तिच्या शिवणकामाच्या मापांची अर्धी कोरी वही मागून घेतली. कशाला, म्हणाली. म्हटलं, असंच. शाळा सुटल्यापासून मी कामाच्या नोंदवहीखेरीज कुठे दोन ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा तिला नवल वाटणारच.

पाणीखात्यात मी चावीवाला, सव्वीस वर्षं. टेकडीवर एक टाकी. तिच्यातून दोन मोठ्या लाइनी निघतात, एक वरच्या वस्तीला, एक खालच्या. सकाळी सहा ते सात खाली पाणी, सात ते आठ वर. चेंबरचं झाकण उचलायचं, कमरेइतकी लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. पूर्ण उघडायला बावीस फेरे लागतात. किती फेरे दिले ते नोंदवहीत लिहून सही करायची. एवढंच काम, पण दोन हजार घरं त्यावर उठतात.

आज इंजिनियरसाहेबांनी बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं.

"उद्यापासून खाली सात फेरे."

"टाकीत पाणी कमी आहे का, साहेब?"

"पाणी आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वरून आलंय. वहीत बावीसच लिहायचे."

वरून म्हणजे कुठून हे विचारायची गरज नव्हती. निवडणूक दीड महिन्यावर आली आहे. खालच्या वस्तीने नव्या पक्षाची मोठी सभा भरवली आणि जुन्या पक्षाचा नगरसेवक तिथून हात हलवत परत आला. तो राहतो वरच्या वस्तीत.

मी बरं म्हटलं. आमची प्रार्थनाघराची मंडळी राजकारणात पडत नाही. कुणाचा झेंडा धरायचा नाही, कुणाच्या मंचावर बसायचं नाही, कुणाला मत दिलं ते बोलायचं नाही. माझे वडील असेच ना अध्यात ना मध्यात जगले आणि सगळ्यांच्या खांद्यावरून गेले. साहेबांनी सांगायचं, मी फिरवायचं. त्यांच्या भांडणात माझा हात नाही.

फक्त खोटं लिहायला मन घेईना. म्हणून खरं इथे लिहिणार आहे. कुठे तरी असू दे.

५ मार्च

सात.

नळाला करंगळीएवढी धार. पहिल्या गल्लीतली बाई म्हणाली, "ओ चावीवाले, आज पाणी रुसलंय का?" म्हटलं, दाब कमी आहे. यात खोटं काही नाही. दाब कमीच होता.

९ मार्च, रविवार

सात. (वहीत बावीस. हे आता रोज लिहीत बसत नाही.)

आमचं प्रार्थनाघर दोन्ही वस्त्यांच्या मध्ये आहे. वरचे आणि खालचे एकाच बाकावर बसतात, ही आमची शान. आज पाळकसाहेब त्यावरच बोलले. प्रभूला लोक राजा करायला निघाले तेव्हा तो डोंगरावर एकटा निघून गेला, म्हणाले. नगरसेवकाने मंडळीला पन्नास खुर्च्या देऊ केल्या होत्या, त्या त्यांनी परत पाठवल्या. ऐकून ऊर भरून आला.

पेटीवाल्या आजोबांनी शेवटच्या गीताला असा काही ठेका धरला की मागची पोरंही गायला लागली. वय एक्याऐंशी, एकटे राहतात, पण बोटं अजून विशीतली. खालच्या वस्तीचा चेंबर त्यांच्याच खिडकीखाली आहे. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाले, "काय, बरं आहे ना?" म्हटलं, बरं आहे. हात जरा जास्तच वेळ धरला. म्हातारं माणूस.

१२ मार्च

धाकटी आली होती. माझी बहीण खालच्या वस्तीत पाळणाघर चालवते, अकरा मुलं. आल्या आल्या पदर खोचून उभी राहिली. बसली नाही.

"दादा, तीन दिवस झाले, लंगोट धुवायला पाणी नाही. बाया मुलं आणायच्या बंद होतील."

"दाब कमी आहे गं."

"वरच्या वस्तीत काल गाड्या धूत होते. पाइप लावून. तिथे दाब बरा असतो?"

"मला काय विचारतेस? साहेबांना विचार."

"साहेब चावी फिरवतात?"

बायकोने मध्येच चहा आणून ठेवला, नाही तर शब्दाने शब्द वाढला असता. धाकटीने चहा घेतला नाही. पाण्याचा पेला मात्र घेतला, गटागट प्यायली आणि गेली.

ती नव्या पक्षाच्या बायकांबरोबर हिंडते, हे मला कळलं आहे. मंडळीत असून हिंडते. उद्या मी खाली फेरे वाढवले तर लोक म्हणतील, भावाने बहिणीच्या पक्षाचं काम केलं. या सगळ्यात मी मध्ये आहे. मध्येच राहायला हवं.

१३ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर आमच्या मोरीतली दोन्ही पिंपं अर्धी. आम्ही वरच्या वस्तीच्या कडेला राहतो, आम्हाला भरपूर येतं. बायकोला विचारलं, पाणी कुठे गेलं? म्हणाली, "सायकलवरून." कॅन लावून धाकटीकडे तीन खेपा केल्या म्हणे. गुडघे दुखतात म्हणून ती जिना चढायला कुरकुरते.

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. रागावलेली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च

सात.

प्रार्थनेला बसलो की शब्द तोंडातच अडकतात. गुडघे टेकतो आणि डोक्यात चेंबरचं झाकण येतं. सव्वीस वर्षांत एकदाही ड्युटी चुकवली नाही. तापात गेलो, वडील गेले त्या दिवशीही गेलो. मग हे असं का व्हावं? साहेबाची आज्ञा पाळणं हेही शिकवलेलंच आहे की.

खालचे लोक आता जुन्या हातपंपावर जातात. तो उतारावर आहे, पायऱ्या शेवाळलेल्या. त्याच्या पाण्याला वास येतो.

चेंबरपाशी उभा होतो तेव्हा एकाने पाठीमागून म्हटलं, "यांना आमची तहान भागवायची नाही, यांना फक्त वस्ती बघून पाणी वाटायचं." वळलो तर कोण बोललं ते कळेना. दोन्ही वस्त्या एकमेकींना पाण्यात बघतात आणि पाणी नेमकं माझ्या हातात.

२१ मार्च, शुक्रवार

पेटीवाले आजोबा हातपंपाच्या पायरीवरून घसरले. खुबा मोडला. बादली त्यांच्यापाशी आडवी पडली होती, असं सांगतात. मी तेव्हा वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडत होतो. पूर्ण.

२२ मार्च

दवाखान्यात गेलो. मोठा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. आजोबांचा पाय वजन लावून ताणून ठेवलेला. मला बघून हसले.

"ये. पेटी कोण वाजवणार उद्या?"

मला बसवेना. स्टूल होतं, तरी उभाच राहिलो. सांगायचं असं घरून ठरवून गेलो नव्हतो. म्हटलं, "आजोबा, पाण्याचा दाब कमी नव्हता. मी चावी कमी फिरवत होतो. सांगितलं होतं तसं."

"ठाऊक आहे."

कसं, म्हटलं.

"चेंबर माझ्या खिडकीखाली आहे बाबा. सव्वीस वर्षं तुझे फेरे ऐकतोय. व्हॉल्व्ह जुना, दर फेऱ्याला एकदा कुईं करतो. बावीसला थांबायचास. मग एक दिवस सातला थांबलास. मला वाटलं, पाठीत उसण भरली असेल. दुसऱ्या दिवशी परत सात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." छताकडे बघत राहिले. "माझंही चुकलंच. तुला वाईट वाटेल म्हणून मूग गिळून बसलो आणि अख्खी वस्ती कोरडी राहिली. आपण दोघं सारखेच की रे."

मी म्हटलं, आपली मंडळी कुणाची बाजू घेत नाही, म्हणून—

"घेऊ नकोच बाजू," ते म्हणाले. "पण सात फेरे ही कुणाची बाजू होती?"

नर्स आली, वेळ संपली म्हणाली. बाहेर दवाखान्याच्या नळावर तोंड धुतलं. धार चांगली जोरात होती. किती वेळ तसाच वाकून उभा होतो कोण जाणे, मागे रांग लागली.

२३ मार्च, रविवार

पेटीविना उपासना. गाणी ढेपाळली. आणि आज पहिल्यांदा बघितलं, वरचे डाव्या बाकांवर, खालचे उजव्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो.

नंतर पाळकसाहेबांच्या मागच्या खोलीत गेलो आणि सगळं ओकलो. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"मी तर तुम्हाला सांगत आलो की राजकारणात पडू नका," ते म्हणाले.

"तेच तर केलं मी."

"हो." चष्मा टेबलावरच ठेवला. "खुर्च्या परत करणं सोपं होतं हो. त्याने माझी झोप गेली नाही. नळ कोरडे आहेत हे मलाही दिसत होतं. विचारलं तर नव्या पक्षाचा म्हणतील, म्हणून मीही काखा वर केल्या."

मला वाटलं होतं, ते काय करायचं ते सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी प्रार्थना केली. या वेळी शब्द अडकले नाहीत, कारण फार शब्द नव्हतेच. क्षमा कर, एवढंच.

२४ मार्च, सोमवार

बावीस.

व्हॉल्व्ह सातच्या पुढे जाताना जरा अडला, मग सुटला. गल्लीत पिंपांवर पाणी आदळायचा आवाज झाला, आणि बाया घरातून ओरडायला लागल्या, आलं, आलं! मी झाकणावर बसून राहिलो.

वर पण बावीस. ठरल्या वेळी बंद. कुणाला एक मिनिट जास्त नाही.

मग ऑफिसात जाऊन नोंदवही उघडली. पाच मार्चपासून काल सकाळपर्यंत माझ्या हातचे एकोणीस "बावीस" होते. एकेक आडवी रेघ मारून शेजारी "सात" लिहिलं, प्रत्येकापुढे सही केली. या घरच्या वहीवरून तारखा ताडून बघितल्या. शेवटी लिहिलं, "वरील आकडे मी खोटे लिहिले होते." तोंडी हुकूम कुणाचा, तेही लिहिलं. आपलं नाव आधी, साहेबांचं नंतर.

साहेब आले, वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. ओरडले नाहीत. "माझी मुलगी कॉलेजात आहे," एवढंच म्हणाले. तेव्हा कळलं की वरून आलेलं ओझं त्यांच्याही डोक्यावर होतंच, त्यांनी ते फक्त माझ्या डोक्यावर सरकवलं. आणि मी खाली.

२५ मार्च

बदली. भांडारात. नव्या चावीवाल्याच्या हातात माझी चावी देताना त्याला व्हॉल्व्हची खोड सांगितली. तो म्हणाला, "मला किती फेरे सांगितलेत माहितीये ना?" म्हटलं, माहीत आहे. "मग मी काय करू?" मला कळायला एकोणीस दिवस लागले होते. त्याला मी काय शिकवणार?

पण त्यानेही बावीस फिरवले, असं शेजारून कळलं. नोंदवहीची गोष्ट गावभर झाली होती, आता लपवणार कसं?

१ एप्रिल

भांडारात नळाच्या तोट्या, वायसर, जुने मीटर, उंदीर. दिवस जाता जात नाही.

नव्या पक्षाचे तिघे आले. हातात हार. उद्या सभा आहे, मंचावर या, नोंदवहीत लिहिलंत त्यातल्या फक्त चार ओळी वाचून दाखवा. धाकटी त्यांच्या मागे उभी होती, डोळे चमकत होते तिचे. कित्येक वर्षांत माझ्याकडे तिने असं बघितलं नव्हतं.

मी नाही म्हटलं.

"अहो, तुम्ही आमच्यासाठीच तर केलंत!"

"तुमच्यासाठी नाही केलं. नळासाठी केलं."

हार घेऊन आलेल्याला तो कुठे ठेवावा कळेना. शेवटी मीटरच्या ढिगावर ठेवून गेला. धाकटी मागे राहिली. "दादा, वर्षभर आम्ही नगरसेवकाच्या नाकदुऱ्या काढल्या. एकदा, एकदाच आमच्याबरोबर उभा राहा." मी म्हटलं, तुझ्या पाळणाघराला पाणी यावं म्हणून उभा राहीन, जन्मभर. मंचावर नाही. ती म्हणाली, "यात फरक काय ते तुझ्या देवालाच माहीत." माझ्या देवाला, म्हणाली. आपल्या नाही.

दिवसभर मन थाऱ्यावर नाही. आधी गप्प बसलो तेव्हा चुकलो. आता नाही म्हणालो तेव्हाही चुकलो का? दोन्ही वेळी मनात तेच शब्द होते, बाजू घ्यायची नाही. आतून मात्र ते वेगळे वाटतात. पण आतून काय, मार्चमध्येही मला आतून बरोबरच वाटत होतं.

१७ एप्रिल

मतदान. मी जाऊन आलो. कुणाला, ते इथेही लिहीत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

नवा पक्ष आला. खालच्या वस्तीत दिवसभर ढोल. वरच्या वस्तीत खिडक्या बंद. आजोबांना कालच घरी सोडलं, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. ढोल ऐकून म्हणाले, "यांचा ताल चुकतोय."

२२ एप्रिल, मंगळवार

इंजिनियरसाहेबांनी परत बोलावलं. खुर्चीत नवा नगरसेवक, एक तारखेला हार आणणारा तोच. उठून त्याने माझे दोन्ही हात धरले. तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस भांडारात कुजला नाही पाहिजे, उद्यापासून चावी परत तुमच्याकडे.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. वाटलं, देवाने ऐकलं.

मग तो म्हणाला, "आणि वरच्यांना सात फेरे. एक महिना. त्यांना कळू दे."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

म्हटलं, "चावी घेतो. फेरे दोन्हीकडे बावीस. आणि वहीत लिहिताना खरंच लिहीन, तुम्ही आत्ता जे म्हणालात तेसुद्धा."

तो हसला. मी हसलो नाही हे बघून त्याचं हसू मावळलं. "बघू," म्हणाला.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी खाली पाणी सोडलं. सातला बंद करून टेकडी चढून वरच्या चेंबरपाशी गेलो तर झाकणावर धाकटी बसलेली. तिच्याबरोबर खालच्या सात-आठ बाया, कडेने उभ्या. पलीकडे फाटकाशी वरच्या बाया रिकाम्या कळश्या घेऊन.

"ऊठ," मी म्हटलं.

"नाही उठणार."

"वेळ झाली, धाकटे."

"आमच्या वेळी वेळ झाली होती का? माझी सहा मुलं गेली दादा, पाळणाघर सोडून. आजोबांचा पाय गेला. यांनी गाड्या धुतल्या. एक महिना. जास्त नाही मागत आम्ही."

"गाड्या धुणाऱ्यांपैकी इथे कोण आहे?" मी कळश्यांकडे बोट केलं. "यांना तरी माहीत होतं का?"

"माहीत करून घ्यायचं होतं!"

मलाही माहीत करून घ्यायचं नव्हतंच की. मी चावी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी झाकणावर बसलो. लहानपणी दाराच्या उंबऱ्यावर बसायचो तसे, खांद्याला खांदा लागला.

म्हटलं, "तुझ्या घशाला कोरड पडली ती माझ्या हाताने. नगरसेवकाच्या नाही, यांच्याही नाही. फेरे मी मोजले. तुला कुणाला शिक्षा करायची असेल तर मी इथे बसलोय."

वेळ चालली होती. मी तिची माफी मागितली. इतक्या दिवसांत आजोबांपाशी कबुली दिली, देवाची माफी मागितली, हिची मागायची राहून गेली होती, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं.

तिने नाक पदराने पुसलं. "आज तू उघडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"ठीक आहे."

"खरंच नाही बोलणार, दादा."

"कळलं. पण उघडणार."

ती उठली. माझ्यासाठी उठली की पाय अवघडले म्हणून, ते सांगता येणार नाही. बायांना घेऊन उताराला लागली, एकदाही मागे बघितलं नाही. मी झाकण काढलं, चावी बसवली. सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. आठऐवजी आठ बावीसला बंद केलं, तासाला तास.

वरची एक बाई भरलेली कळशी घेऊन जाताना थांबली, धाकटी गेली त्या उताराकडे बघितलं, आणि घराकडे वळली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, धाकटी आता बोलणार नाही. तिने शिलाईचं मशीन थांबवलं. "बोलेल," म्हणाली. मग सुई बघत, "वेळ लागेल. मलाही लागला."

"तू कधी बोलत नव्हतीस?"

"मार्चभर. विचारल्याला उत्तर, तेवढंच," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.